मस्क्युलर डिस्ट्रॉफीत हृदयाकडे कोण बघतं?

दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येतोच. सात-आठ वर्षांचा हसरा मुलगा, खाली रुग्णालयाचं पत्र, त्याखाली क्यूआर कोड. आजाराचं नाव ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. औषध परदेशी, रक्कम कोटींत. आपण वाचतो, हळहळतो, जमेल तेवढे पैसे पाठवतो. मेसेजमध्ये एक वाक्य हमखास असतं, की या मुलाला पुन्हा स्वतःच्या पायांवर चालायचं आहे.

साहजिक आहे. पाय डोळ्यांना दिसतात. पण या मुलांची आयुष्याची दोरी बरेचदा छातीत तुटते. पूर्वी यातली बहुतेक मुलं विशीच्या आसपास श्वास अपुरा पडून जात. रात्री श्वासाला मदत करणारी यंत्रं आली तशी आयुष्यं वाढली, आणि जिथे ही सोय नीट मिळते तिथे आता मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदय हे आहे. मेसेजमध्ये मात्र हृदयाचा उल्लेख नसतो. घरातल्या जाडजूड फायलीतही पायांचे, पाठीचे, फिजिओथेरपीचे कागद भरपूर असतात आणि हृदयाचा एखादाच, तोही कधीतरी शस्त्रक्रियेआधी काढलेला.

हातापायांच्या स्नायूंचा आजार छातीत पोहोचतो कसा, सगळ्याच स्नायूविकारांत पोहोचतो का, आणि पोहोचला तर करायचं काय, ते बघू.

ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं इंजिन

हाडांना जोडलेले सहाशेहून जास्त स्नायू आपल्या शरीरात आहेत. दंड, मांडी, पोटरी, पाठ. यातले बहुतेक आपण ठरवलं की हलतात. हृदय हाही स्नायूच, फक्त तो आपल्याला विचारत नाही. दिवसाला साधारण एक लाख ठोके देतो, झोपेतसुद्धा.

कामाची तऱ्हा वेगळी असली तरी आतलं यंत्र पुष्कळसं सारखं आहे. दोन्हीकडे प्रथिनांचे बारीक दोर एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. शेतावरचा ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन घ्या. एक फिरतो, दुसरं जागेवर उभं राहून पाणी उपसतं. पण दोन्ही एकाच कंपनीची असतील तर काही सुटे भाग तेच निघतात. बेअरिंगचा एक लॉटच खराब आला तर ट्रॅक्टरही कुरकुरणार आणि इंजिनही. बिघडलेला भाग फक्त ट्रॅक्टरच्या चाकाचा असेल तर विहिरीचं पाणी चालू राहील.

स्नायूविकार आणि हृदयविकार यांचं नातं समजायला एवढं पुरतं. कुठलं प्रथिन बिघडलं आहे आणि ते प्रथिन कुठे कुठे वापरलं जातं, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा.

गोधडीचे टाके

ड्यूशेनच्या आजारात बिघडतं ते डिस्ट्रोफिन. आजाराला नाव मिळालं 1860 च्या दशकात त्याचं सविस्तर वर्णन करणाऱ्या गियोम ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांचं. कारण सापडायला मात्र 1987 उजाडलं. अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन सापडलं आणि आजाराच्या नावावरूनच त्याचं बारसं झालं.

डिस्ट्रोफिनचं काम टाक्यांचं आहे. गोधडीत जुन्या साड्यांचे थर एकावर एक असतात. त्यांना धरून ठेवतात ते धावदोऱ्याचे टाके. टाके नसले तरी गोधडी पहिल्या रात्री ठीक दिसेल. पण रोज कोणीतरी ओढणार, कूस बदलणार, थर सरकणार आणि कापड विरत जाणार. स्नायूच्या पेशीत आतला सांगाडा आणि बाहेरचं आवरण यांना डिस्ट्रोफिन असंच शिवून ठेवतं. ते नसलं की प्रत्येक आकुंचनाबरोबर आवरणाला बारीक चिरा पडतात. चिरांतून कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते, तिच्या जागी चरबी आणि वणासारखा चिवट तंतू येऊन बसतो.

म्हणून तर या मुलांच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात. घरातली वडीलधारी माणसं कौतुकानं म्हणतात, "पोटऱ्या बघ, पैलवान होणार!" आत स्नायू कमी होत असतो आणि भरण चरबीची असते. तोच मुलगा जमिनीवरून उठताना गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. हे दिसलं तर "आळशी आहे" म्हणून सोडून देऊ नये.

हेच टाके हृदयाच्या पेशींतही आहेत. तेवढंच कारण पुरेसं आहे.

अजय कमळ बघत बसला

इथे एक शंका येते. डिस्ट्रोफिनचाच दोष असलेला बेकर नावाचा दुसरा आजार आहे. त्यात माणूस कित्येकदा चाळिशीपर्यंत चालतो. एकाच जनुकातल्या बिघाडाचे असे दोन प्रकार का?

जनुक म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची कृती. पेशी ती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. मराठीत असं एक वाक्य घेऊ: "अजय कमळ बघत बसला." प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता यातलं फक्त "म" गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा. "अजय कळब घतब सला." पहिल्या शब्दानंतर सगळा बट्ट्याबोळ. पण "कमळ" हे तीनही अक्षरं एकदम गाळा: "अजय बघत बसला." काय बघत बसला ते गेलं, तरी वाक्य उभं आहे.

ड्यूशेनमध्ये सहसा पहिल्यासारखी चूक असते, त्यामुळे डिस्ट्रोफिन जवळपास बनतच नाही. बेकरमध्ये सहसा दुसऱ्यासारखी, म्हणून आखूड का होईना, थोडंफार काम करणारं डिस्ट्रोफिन बनतं. चुकांना वावही मोठा आहे. माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक, सुमारे 22 लाख अक्षरांचं. साधारण 3500 ते 5000 मुलग्यांमागे एकाला ड्यूशेन होतो, आणि त्यातल्या सुमारे एक तृतीयांश घरांत ही चूक आईकडून आलेली नसून नव्यानं झालेली असते.

बेकरच्या बाबतीत एक फसगत होते. पाय बरे चालतात, म्हणून आजार सौम्य समजला जातो. पण आखूड डिस्ट्रोफिनवर पायांचं भागलं तरी हृदयाचं भागेलच असं नाही. बेकरचे काही रुग्ण जिना चढू शकतात आणि हृदय मात्र प्रत्यारोपणाच्या यादीत जाण्याइतकं थकलेलं असतं. काही जणांत तर या जनुकातल्या दोषाचा सगळा भार हृदयावरच येतो, हातपाय जवळजवळ शाबूत. अशा तरुणाला निव्वळ "हार्ट मोठं झालंय" एवढंच सांगितलं जातं आणि स्नायूंचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

"लाख ठोके देणारं हृदय आधी का फाटत नाही?"

प्रश्न रास्त आहे. एक कारण असं की स्नायूला सर्वांत जास्त इजा होते ती ताणलेल्या अवस्थेत भार पेलताना. जिना उतरताना, उतारावर चालताना मांडीचे स्नायू हेच करतात. हृदयावर असा झटक्याचा ताण कमी पडतो, म्हणून त्याची पाळी उशिरा येते.

पण आली की परतीची वाट अरुंद असते. हातापायांच्या स्नायूंत राखीव पेशी असतात. जखम झाली की त्या जाग्या होऊन नवा स्नायू घडवतात; ड्यूशेनच्या मुलाचे पायही सुरुवातीची काही वर्षं अशी डागडुजी करत चालत राहतात. हृदयाकडे असा राखीव साठा नाही म्हटलं तरी चालेल. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा पेशींमध्ये माग काढून संशोधकांनी 2009 मध्ये हिशेब मांडला. पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या येतात, पुढे त्याहून कमी. (शीतयुद्धातल्या बाँबचा असा उपयोग होईल हे बाँब फोडणाऱ्यांच्या गावीही नसणार.) मेलेल्या पेशीच्या जागी वण येतो आणि वण आकुंचन पावत नाही. सुरुवात होते डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाजूच्या भिंतीत, बाहेरच्या अंगानं. हळूहळू कप्पा सैल होतो, पसरतो, पंप मंदावतो. याला डॉक्टर कार्डिओमायोपॅथी म्हणतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूचाच आजार. नळ्या तुंबून येणारा हार्ट अटॅक वेगळा. इथे नळ्या सहसा साफ असतात, त्यामुळे अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

अठरा वर्षांपर्यंत ड्यूशेनच्या जवळपास प्रत्येक मुलाच्या हृदयात याच्या खुणा सापडतात.

"हृदय बिघडलं तर दम लागेल, कळेलच की"

कळत नाही. या आजाराचा सर्वांत दगाबाज भाग हाच आहे.

तुमच्या-माझ्या हृदयाची ताकद कमी झाली तर जिना चढताना धाप लागेल, बाजारातून येताना मध्येच थांबावं लागेल. शरीर बोंब मारेल. व्हीलचेअरवर बसलेला मुलगा जिना चढतच नाही. हृदयाकडे कोणी जास्तीचं काम मागतच नाही, त्यामुळे ते निम्म्या ताकदीवर आलं तरी तक्रार उमटत नाही. विहिरीवरचं इंजिन किती दमलंय हे पाणी सोडल्याशिवाय कसं कळणार?

जी लक्षणं दिसतात ती भलतीकडे बोट दाखवतात. भूक मरते, वजन घटतं, पोट दुखतं, उलट्या होतात, झोप नीट लागत नाही. घरी अ‍ॅसिडिटीचं औषध सुरू होतं. बसल्या जागी नाडी शंभराच्या आसपास धावत असते, तिच्याकडे लक्ष जात नाही.

म्हणून तक्रारीची वाट न बघता ठरलेल्या वेळी तपासणी, असा नियम आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की निदान झाल्याबरोबर हृदयाची पहिली तपासणी करावी आणि नंतर निदान वर्षातून एकदा, काही त्रास नसला तरी. ईसीजी विजेचं काम दाखवतो, टू-डी इको पंपाची ताकद. भिंतीतले सुरुवातीचे वण या दोन्हींतून निसटू शकतात. ते दिसतात हृदयाच्या एमआरआयमध्ये. मूल शांत पडून राहण्याइतकं मोठं झालं आणि सोय असली तर एमआरआय उत्तम. नसली तर वर्षाला एक इको चुकवू नये. इको तालुक्याच्या गावीही निघतो.

रिपोर्टांचा घोळ

मराठीत काळीज म्हणजे हृदय आणि खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत. या घोळावर आपण हसतो, पण रक्ताच्या तपासणीतला असाच घोळ मुलांना महागात पडतो.

एसजीओटी आणि एसजीपीटी या दोन चाचण्या लिव्हरच्या म्हणून ओळखल्या जातात. पण ही द्रव्यं स्नायूंतही असतात आणि स्नायूच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढतात. मग तीन-चार वर्षांच्या मुलाचा "लिव्हरचा आजार" महिनोन्महिने शोधला जातो, कधी लिव्हरचा तुकडाही काढून बघितला जातो. अशा वेळी सीपीके नावाची एक साधी चाचणी खरा पत्ता सांगते. स्नायूंत असणारं हे द्रव्य ड्यूशेनच्या मुलांत नेहमीच्या मर्यादेच्या दहापट ते पन्नासपट आणि त्याहूनही जास्त आढळतं.

उलटा घोळही होतो. छातीत दुखल्यावर हार्ट अटॅक ओळखायला ट्रोपोनिन बघतात. त्याचे दोन प्रकार आहेत, टी आणि आय. स्नायूविकार असलेल्या माणसात ट्रोपोनिन-टी हृदय ठीक असतानाही वाढलेलं सापडू शकतं, कारण दुरुस्तीत गुंतलेला हातापायांचा स्नायूही ते तयार करतो. ट्रोपोनिन-आय हृदयाशी जास्त इमानदार. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला आधीच आजार सांगितला तर त्याचं आणि तुमचं, दोघांचंही भलं.

एक मात्र सांगायला हवं. व्यायामशाळेत पहिल्या दिवशी अंग मोडून आल्यावर कोणाचंही सीपीके वाढतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही काहींचं वाढतं. पोटरीत गोळा आला म्हणून इको काढायला धावू नका.

पाय ठीक, पण ठोके चुकतात

आतापर्यंत पंपाची गोष्ट झाली. काही स्नायूविकारांत पंपाआधी वायरिंग जळतं.

1966 मध्ये अ‍ॅलन एमरी आणि फ्रिट्झ ड्रायफस यांनी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका कुटुंबाच्या आजाराचं वर्णन केलं. त्यातले लोक वर्षानुवर्षं चालत-फिरत होते. खूण वेगळीच होती. कोपर पूर्ण सरळ होत नाही, टाचेची शीर आखडते, मान पुढे वाकत नाही. माणूस ऑर्थोपेडिककडे जातो, शीर मोकळी करून घेतो, कामाला लागतो. आणि हृदयात वरून खाली वीज नेणारा मार्ग हळूहळू बंद पडत असतो. नाडी मंद होते, चक्कर येते, आणि काहींच्या बाबतीत पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू.

दोष असतो पेशीच्या केंद्रकाच्या आवरणातल्या प्रथिनांत. त्यातलं एक एमेरिन, दुसरं लॅमिन. धान्याच्या कणगीला विणीचा आधार असतो तसा केंद्रकाला लॅमिनच्या जाळीचा. लॅमिनचा दोष असेल तर निव्वळ पेसमेकर पुरत नाही, हेही अनुभवातून कळलं आहे. पेसमेकर मंद नाडी सांभाळतो, पण घातक वेगानं फडफडणारं हृदय त्याला थांबवता येत नाही. म्हणून अशा रुग्णांना झटका देऊन ठोका जागेवर आणणारं उपकरण, म्हणजे आयसीडी, बसवण्याकडे कल असतो.

दुसरा आजार मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, मोठेपणी सुरू होणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफींत सर्वाधिक आढळणारा. हस्तांदोलन केल्यावर माणसाची मूठ पटकन सुटत नाही. डब्याचं झाकण उघडलं की बोटं तशीच आखडून राहतात. कमी वयात मोतीबिंदू, कपाळावरचं टक्कल, दिवसा झोप. चार तक्रारी, चार डॉक्टर, आणि चौघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. यातही हृदयाचं वायरिंग बिघडतं. साध्या ईसीजीतल्या दोन अंतरांची लांबी वाढत चालली की धोका वाढतो आहे असं समजतं. वर्षाला एक ईसीजी. इतकी स्वस्त तपासणी आणि ती न झाल्यानं गेलेली माणसं, हे गणित मला अजून पटत नाही.

"म्हणजे प्रत्येक स्नायूविकारात हृदय जाणार?"

नाही. सुट्या भागाची गोष्ट पुन्हा आठवा.

16 कोटींच्या इंजेक्शनमुळे गाजलेला एसएमए हा मुळात मज्जारज्जूतल्या चेतापेशींचा आजार. त्यात स्नायू उपाशी राहून बारीक होतात, हृदय बहुधा वाचतं. कंबर आणि खांद्यांचे स्नायू धरणाऱ्या लिंब-गर्डल गटात तर एकाच नावाखाली दोन्ही तऱ्हा आहेत. कॅल्पेन नावाच्या प्रथिनाच्या दोषात हृदय सहसा सुरक्षित, सार्कोग्लायकनच्या दोषात मात्र धोका, कारण ते डिस्ट्रोफिनच्याच टाक्यांच्या ओळीत बसतं. त्यामुळे "लिंब-गर्डल आहे" एवढ्यावर थांबू नये. कुठलं जनुक, हे कळलं तर हृदयाची काळजी किती करायची ते ठरतं. जनुकीय तपासणीला "नाव कळून काय उपयोग, औषध तर नाही" असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न करण्याची रीत आपल्याकडे बऱ्याच समाजांत आहे. सार्कोग्लायकनसारख्या दोषांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते, तिथे या रीतीनं धोका वाढतो. ड्यूशेनचा तिच्याशी संबंध नाही.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. हृदयाच्या स्नायूत मायोसिनला, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या सरकणाऱ्या दोरांपैकी एकाला, बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातली 25 अक्षरं गळालेली एक प्रत भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांमध्ये असते आणि तिच्यामुळे हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा धोका वाढतो, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. ही प्रत असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही. पण ज्यांना होतो त्यांचे दंड-मांड्या ठणठणीत असतात, कारण ते प्रथिन हृदयातच वापरलं जातं. विहिरीच्या इंजिनाचा खास भाग, ट्रॅक्टरला न लागणारा.

काही रुपयांची गोळी

फ्रान्समध्ये ड्यूशेनच्या 57 मुलांवर एक चाचणी झाली. वयं साडेनऊ ते तेरा, सगळ्यांच्या हृदयाची ताकद तेव्हा चांगली. 28 मुलांना पेरिंडोप्रिल हे रक्तदाबाचं जुनं औषध दिलं, 29 जणांना तीन वर्षं बिनऔषधाची गोळी. तीन वर्षांनंतर सगळ्यांनाच औषध सुरू झालं. म्हणजे फरक फक्त सुरुवातीचा. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा पहिल्या गटातली 28 पैकी 26 मुलं जिवंत होती, दुसऱ्या गटातली 29 पैकी 19.

चाचणी लहान होती हे खरं. तरी हे आकडे मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थबकतो. 2018 च्या सूचनांतही हेच उतरलं आहे. हृदय चांगलं दिसत असलं तरी दहाव्या वर्षापर्यंत पेरिंडोप्रिलच्या जातीचं औषध सुरू करावं. घर गळायला लागल्यावर कौलं शाकारण्यापेक्षा मृगाआधी शाकारावी, तसं. गोळी वण पुसत नाही. हृदयावरचा भार कमी करून वण पडण्याचा वेग कमी करते. पुढे गरजेप्रमाणे नाडी मंद करणारी आणि वणांची वाढ रोखणारी आणखी औषधं जोडतात. सगळी जुनी, आपल्याकडे बनणारी, एका गोळीला काही रुपये लागणारी. मात्र डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. रक्तदाब, पोटॅशियम आणि किडनी बघावी लागते. किडनीच्या क्रिएटिनिन चाचणीतही गोम आहे: क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, त्यामुळे स्नायू कमी असलेल्या मुलात किडनी बिघडली तरी आकडा चांगला दिसू शकतो.

"मग कोटींचं इंजेक्शन घ्यायचं की नाही?"

अमेरिकेत जून 2023 मध्ये ड्यूशेनच्या पहिल्या जनुकोपचाराला मंजुरी मिळाली. एलेव्हिडिस. किंमत 32 लाख डॉलर. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर जनुक लादून स्नायूंपर्यंत पोहोचवतात. डिस्ट्रोफिनची कृती अकरा हजारांहून जास्त अक्षरांची आणि या विषाणूत मावतात पाच हजारांहून कमी. छोट्या टेम्पोत अख्खं घर कसं बसणार? म्हणून अगदी आवश्यक तुकडे जोडून केलेली लहान आवृत्ती पाठवतात. म्हणजे उत्तम घडलं तरी ड्यूशेनचा आजार बेकरसारखा होईल अशी आशा. आणि बेकरमध्ये हृदयाचं काय होतं ते वर आलंच आहे.

मोठ्या चाचणीत मोजलं होतं ते उठणं-चालणं, आणि त्यातलं मुख्य उद्दिष्टही गाठलं गेलं नाही. 2025 मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. पालकांनी आशा सोडावी असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मला नाही. पण निधी जमेपर्यंतची दोन वर्षं इकोशिवाय आणि गोळीशिवाय जाऊ नयेत. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. तिथे गेल्यावर स्नायूंच्या डॉक्टरांबरोबर हृदयाच्या डॉक्टरांचीही चिठ्ठी मागून घ्यावी.

शस्त्रक्रियेचं एक सांगून ठेवतो. पाठीचा बाक सरळ करायला किंवा अगदी दात काढायलाही भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगा. भुलेची काही विशिष्ट औषधं ड्यूशेनमध्ये स्नायू फोडून रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढवतात आणि हृदय टेबलावरच थांबू शकतं. दुसरी, सुरक्षित औषधं असतात. फायलीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवावं.

आणि आई?

डिस्ट्रोफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच, तो बिघडला की पर्याय नाही. आईकडे दोन. एक बिघडलेला, एक चांगला, म्हणून ती चालते, फिरते, मुलाला उचलून आंघोळ घालते. तिला वाहक म्हणतात, जणू ती नुसती टपाल पोहोचवणारी. घरात दोषही तिच्याच माथी येतो, खरं तर तिच्या हातात काहीच नव्हतं.

पण प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो. कुठल्या पेशीत कुठला, हे गर्भातच नशिबानं ठरतं. त्यामुळे वाहक बाईच्या हृदयात काही पेशी टाके असलेल्या, काही टाक्यांविना, अशी ठिगळांची गोधडी असते. बऱ्याच जणींचं आयुष्य त्यावर निभावतं. काहींचं हृदय मात्र चाळिशी-पन्नाशीत पसरायला लागतं, तेव्हा दम लागतो, आणि ती म्हणते, मुलाला उचलून उचलून थकले. सगळ्यांना ते पटतं, कारण ते खरंही असतं.

वाहक असलेल्या बाईनं तरुणपणीच एकदा हृदय तपासून घ्यावं आणि पुढे दर तीन ते पाच वर्षांनी, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. मावशीनं आणि बहिणीनंही आपण वाहक आहोत का ते बघावं. वेगळी फेरी मारायची गरज नाही. मुलाचा इको असतो त्या दिवशी ती तिथेच असते, बाहेरच्या बाकावर, हातात फाईल घेऊन. त्याचं झालं की त्याच टेबलावर तिनं पडायचं.